आधी दिसले ते, मग वाटले ते : थरारपट आणि विज्ञानपटांवर मत कसे लिहावे

२०२२ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिलची, संध्याकाळ आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील माणसे अजून विसरलेली नाहीत. दिवेलागणीनंतर आकाशातून जळत्या रेषा सरकत गेल्या आणि लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर प्रत्येकाचे मत तयार होते. कोणी म्हणे विमान पडले, कोणी म्हणे उल्का, तर कोणी थेट युद्धापर्यंत पोहोचले होते. पुढे जाणकारांनी हे चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाचे अवशेष असावेत असे सांगितले आणि विमानवाले गप्प झाले. मात्र आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्या सकाळी एवढेच सांगितले होते की, रेषा एकामागून एक जात होत्या, तुटत्या ताऱ्यासारख्या झर्रकन विझल्या नाहीत आणि त्या गोठ्यातून अंगणात येईपर्यंत दिसतच होत्या. त्यांच्या सांगण्यातला एकही शब्द नंतर मागे घ्यावा लागला नाही. शिवाय उल्का की अग्निबाण हे ठरवायला तेच सर्वांत उपयोगाचे होते, कारण उल्का काही क्षणांत विझते आणि अग्निबाणाचे अवशेष त्या मानाने सावकाश जळत जातात.

चित्रपटावर मत लिहिण्याची जी रीत पुढे सांगणार आहे, ती मी या बाईंकडून उचललेली आहे. आधी जे दिसले ते लिहावे आणि मगच, त्यामुळे जे वाटले ते लिहावे.

धानाची मळणी आटोपल्यापासून ऊन तापेपर्यंत आम्ही दहा-बारा जण दर शनिवारी रात्री एकाच्या ओसरीवर टीव्ही मांडून चित्रपट पाहतो. निवड बहुतेक वेळा थरारपटाची किंवा विज्ञानपटाची होते, कारण या दोन प्रकारांवर वाद घालता येतो. प्रेमकथेवर फार तर उसासा टाकता येतो. वास्तविक झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, माणसाला मत मांडायला कोणी शिकवण्याची गरज नाही. वडसा येथील नाटक मंडळींची नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात आणि थंडीत ब्लँकेट गुंडाळून ती पाहणारा प्रेक्षक सकाळी चहा पिताना कोणता प्रवेश लांबला, कोणाचा आवाज बसला होता आणि कोणत्या गाण्यामुळे रंग गेला हे नेमके सांगतो. हाच माणूस चित्रपट पाहून मोबाईलवर लिहायला बसला की मात्र ‘जबरदस्त’, ‘भंकस’ किंवा ‘एकदा पाहायला हरकत नाही’ एवढ्यावर येऊन थांबतो. बोलताना जी जागा त्याला बरोबर दाखवता येते, ती लिहिताना हरवते. ही जागा कागदावर कशी आणावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पाहण्याआधी

सुरुवातीला माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका पोराने पेनड्राइव्हवर आणून दिलेला एक थरारपट मी पाहिला आणि नायक जंगलातून एकदम पोलीस ठाण्यात कसा पोहोचला याचा लेखकालाच पत्ता नाही, असे ठणकावून लिहिले. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाचीचा फोन आला. ‘मामा, मधला अख्खा पाठलाग तुम्ही पाहिलाच नाही का?’ मी पाहिलेल्या प्रतीत तब्बल बावीस मिनिटे गायब होती. तेव्हापासून मी चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर येणारे प्रमाणपत्र न चुकता वाचतो. त्यावर चित्रपटाची लांबी मिनिटांत दिलेली असते. आपल्या समोरची प्रत तेवढीच आहे की नाही, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. चोरून कापलेल्या प्रतीवर मत लिहूच नये. लिहिले, तर ते कापणाऱ्याच्या कात्रीवरचे मत होते.

आपण कसे पाहिले हेही आधीच टिपून ठेवावे, म्हणजे मूळ भाषेत की हिंदी डबिंगमध्ये, टीव्हीवर की मोबाईलवर, सलग की दोन दिवसांत. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ निघतच नाहीत आणि थरारपटातील भीतीचा बराचसा भाग नेमका त्याच घुमणाऱ्या आवाजांत असतो. त्यामुळे मोबाईलवर पाहणाऱ्याने साधे इअरफोन लावले तरी चित्रपट वेगळा वाटतो. ‘भीती वाटली नाही’ असे लिहिण्यापूर्वी कोणत्या यंत्राने भीती पोहोचवायची होती, याचा विचार व्हावा. चित्रपटाचा अर्थ समजावून सांगणाऱ्या चित्रफितींबद्दल माझे मत कडक आहे. आपले मत कागदावर उतरेपर्यंत त्या पाहू नयेत. त्या पाहिल्यानंतर जे लिहिले जाते ते आपले उरत नाही.

पाहताना

आमच्या गटात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे एक काकाजी आहेत. त्यांच्या खिशात कृषी केंद्रातून मिळालेली छोटी डायरी असते आणि चित्रपट सुरू असताना ते तिच्यात वेळ टाकून एकेक ओळ लिहितात. एका थरारपटाच्या रात्रीचे त्यांचे पान मी जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : ‘०:४१ – घरात कोणी नाही, तरी फोन उचलला गेला. ताठ बसलो. १:१२ – गाणे. चहा. १:३७ – दाराला कुलूप आतून कोणी लावले? १:५० – लाईन गेली, वीस मिनिटे.’ एवढेच. या चार ओळींत मताचा सगळा कच्चा माल आहे. कुठे ताठ बसलो, कुठे चित्त उडाले आणि कुठे समजले नाही, या तीनच खुणा कराव्यात; याहून अधिक लिहीत बसले तर चित्रपट निसटतो.

दुसऱ्या खुणेविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ती करायला माणसे लाजतात. आपला हात मोबाईलकडे कधी गेला, ओसरीवरून कोण केव्हा उठले, लहान मुलाने नेमके कधी ‘संपला का?’ म्हणून विचारले, हे कंटाळ्याचे सर्वांत प्रामाणिक पुरावे आहेत. ‘उत्तरार्ध लांबला’ हे वाक्य आपण इतके वाचलेले असते की कंटाळा आला नसतानाही ते हातून लिहिले जाते. ‘सव्वा तासानंतर चौघांच्या हातात मोबाईल होते’ हे मात्र पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. काकाजींनी लाईन गेल्याची नोंद केली हेही बरोबरच केले, कारण ऐन पाठलागात वीस मिनिटे अंधारात बसलेल्या माणसाने नंतर ‘शेवट थंड वाटला’ असे म्हणावे, यात दिग्दर्शकाचा दोष किती आणि वीज वितरणाचा किती हे वाचणाऱ्याला कळायला हवे.

थरारपट तपासताना

मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे माणसे पहाटे मोहफुले वेचायला जंगलात जातात. आता असे समजा की पडद्यावर एक बाई मोहाच्या झाडाखाली वाकून फुले वेचत आहे आणि एकाएकी झुडपातून वाघ झेप घेतो. आपण दचकतो, आणि ते दचकणे दोन सेकंदांत ओसरते. आता हाच प्रसंग दुसऱ्या रीतीने पाहा. पळसाच्या झुडपाआड दबून बसलेला वाघ आपल्याला आधीच दाखवला आहे, बाईला तो दिसलेला नाही, तिची टोपली अर्धीच भरली आहे, ती एक झाड संपवून दुसऱ्या झाडाकडे, म्हणजे झुडपाच्या दिशेने, सरकते आणि मध्येच पदराने घाम पुसायला थांबते. आता तिचे एकेक फूल वेचणे आपल्याला सोसवत नाही. थरारपटांचे नामवंत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचे उदाहरण देऊन दचकवणे आणि ताटकळवणे यांतला हाच फरक सांगितला होता. आमच्या भागात त्यासाठी बॉम्ब आणावा लागत नाही.

थरारपटावर लिहिताना या फरकाचा फार उपयोग होतो. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाबाबत स्वतःला विचारावे की, इथे कोणाला काय माहीत आहे? मला माहीत आहे आणि नायिकेला नाही, नायिकेला माहीत आहे आणि मला नाही, की दोघांनाही नाही? ज्या ठिकाणी हे गणित बदलते, त्याच ठिकाणी बहुतेक वेळा चित्रपट चढतो किंवा पडतो. ‘मध्यंतरानंतर मजा गेली’ असे वाटले, तर त्या वेळी असे काय आपल्याला कळले ज्यामुळे वाट पाहायला काही उरले नाही, हे शोधावे. दहांतल्या सात वेळा उत्तर सापडते.

योगायोगाची तपासणी याहून सोपी आहे. एसटी चुकली म्हणून नायक रात्री फाट्यावर थांबला आणि नको त्या गोष्टीचा साक्षीदार झाला, हे आम्हाला विनातक्रार पटते, कारण एसटी चुकतेच. पण गुंड मागे लागलेले असताना तीच एसटी त्याच फाट्यावर दार उघडून उभी असेल, तर ओसरीवरची सगळी माणसे एकदम हसतात. गोष्ट अडकवण्यासाठी योगायोग वापरला आहे की सोडवण्यासाठी, एवढे पाहावे. पहिला माफ करावा. दुसऱ्याची वेळ टिपून ठेवावी.

यानंतर येते ते आपले स्वतःचे ज्ञान, आणि ग्रामीण प्रेक्षक इथेच उगाच मागे राहतो. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला चित्रपटांचा इतिहास अधिक ठाऊक असेल. पण विहिरीत पडलेली वस्तू किती दिवसांनी वर येते, नुकत्याच उकरलेल्या आणि वर्षभर पडीक असलेल्या जमिनीत कोणता फरक दिसतो, गावात अनोळखी मोटरसायकल आली तर किती घरांना ते कळते, हे आमच्याइतके त्याला ठाऊक नाही. ‘दृश्यम’चे उदाहरण घ्या. २०१३ साली मल्याळममध्ये जीतू जोसेफ यांनी आणि २०१५ साली हिंदीत निशिकांत कामत यांनी केलेल्या या चित्रपटाचा नायक जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला, केबलचा धंदा करणारा आणि रात्रंदिवस चित्रपट पाहणारा माणूस आहे, म्हणजे तसा आपल्यातलाच. त्याची सगळी मदार साक्षीदारांच्या आठवणीवर असते. आमच्यात हा चित्रपट झाला तेव्हा निम्म्या लोकांचे म्हणणे पडले की बसच्या वाहकाला एवढे दिवस एक प्रवासी लक्षात राहणे अशक्य आहे. तेव्हा गावातले एक निवृत्त वाहक, जे एरवी चित्रपट सुरू झाला की पंधरा मिनिटांत घोरू लागतात, म्हणाले, ‘तारीख कोणालेच आठवत नाही गा. प्रसंग आठवते. तारीख मंग कोणी सांगतली का तेच खरी वाटते.’ चित्रपटाचा कणा एका वाक्यात सांगितला गेला, आणि तोही तीस वर्षे तिकिटे फाडलेल्या माणसाकडून. मत लिहिताना असा पुरावा हाताशी असेल तर तो आधी वापरावा. छायाचित्रण आणि संकलन यांच्यावर ओढूनताणून दोन वाक्ये लिहिण्याची मग गरज राहत नाही.

विज्ञानपट तपासताना

विज्ञानपटाबाबत दोन टोकांच्या चुका होतात. एक माणूस म्हणतो की असे कधी होऊ शकते का, आणि तिथेच थांबतो. दुसरा म्हणतो की विज्ञानपट आहे, काहीही होऊ शकते. दोघेही चित्रपट तपासण्याचे कष्ट टाळत असतात.

१९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ची आठवण काढावी. घड्याळासारखे यंत्र मनगटावर बांधले की माणूस अदृश्य होतो, हे अशक्य आहे हे आम्हाला शाळेत असतानाही कळत होते. पण तांबड्या प्रकाशात तो दिसतो, असा नियम चित्रपटानेच घालून दिला होता, आणि एकदा तो नियम कळल्यावर पडद्यावर कुठेही तांबडी काच दिसली की आमच्या पोटात गोळा यायचा. विज्ञानपट ज्या एका अशक्य गोष्टीवर उभा असतो ती बिनशर्त मान्य करावी, तिच्याबरोबर चित्रपटाने कोणता नियम सांगितला तो आपल्या शब्दांत एका ओळीत लिहून काढावा आणि पुढे तो नियम पाळला गेला की सोयीनुसार वाकवला गेला, हे पाहावे. नियम एका ओळीत लिहिता येत नसेल, तर तोच मताचा पहिला मुद्दा होतो.

नियमात आकडा असेल तर चक्क आकडेमोड करावी. ‘इंटरस्टेलर’ या २०१४ च्या चित्रपटात एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास गेला की पृथ्वीवर सात वर्षे जातात, असा नियम आहे. गुरुत्वाकर्षण जितके तीव्र तितका काळ मंद चालतो, हे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताशी जुळणारे आहे आणि चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. (त्याच लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळांच्या साखळीतली भारतीय प्रयोगशाळा आमच्या विदर्भातल्या वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात उभारली जात आहे, हे ऐकल्यावर ओसरीवर या चित्रपटाचे वजन एकदम वाढले.) ग्रहावर उतरलेली माणसे यानात परततात तेव्हा वर थांबलेल्या सोबत्याची २३ वर्षे, ४ महिने आणि ८ दिवस गेलेले असतात. आमच्यातल्या दहावीच्या एका मुलीने तिथेच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला : ७ वर्षांना १ तास, तर २३ वर्षे ४ महिन्यांना ३ तास २० मिनिटे. मग तिने विचारले, ‘पण ते लोक तर तिथे जेमतेम तास-दीड तास होते असे वाटले, मग उरलेला वेळ कुठे गेला?’ त्यावर अर्धा तास चर्चा चालली. कोणी म्हणाले की जाता-येतानाचा वेळही धरला पाहिजे, कोणी म्हणाले की इंजिनात पाणी शिरल्यावर ती माणसे किती वेळ अडकली हे पुन्हा मोजू. उत्तर काय निघाले यापेक्षा, ‘विज्ञान डोक्यावरून गेले’ असे लिहून मोकळी होऊ शकणारी मुलगी चित्रपटाच्या आतल्या घड्याळाशी भांडू लागली, हे मला महत्त्वाचे वाटते.

याच चित्रपटात पृथ्वीवरची पिके रोगाने एकामागून एक नष्ट होतात आणि शेवटी मका तेवढा उरतो. वरोऱ्याकडून आलेले आमचे एक पाहुणे कापूस पिकवतात. त्यांना कृष्णविवरापेक्षा हाच भाग अधिक खरा वाटला. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सगळे समजत होते आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडे आतून पोखरून टाकली, हे ज्याने स्वतःच्या वावरात पाहिले आहे त्याला पिकावरचा रोग म्हणजे कल्पनाविलास वाटत नाही. मक्याच्या रानाकडे पाहून मात्र ते म्हणाले की हे पीक खोटे नाही, पात्याची चाल खऱ्या मक्याची आहे. तेही बरोबर निघाले. चित्रीकरणासाठी कॅनडात सुमारे ५०० एकरांवर खरोखरच मका लावला होता. शेतकऱ्याने विज्ञानपटावर लिहावे तर असे लिहावे.

थोडे ठोकळ विज्ञान माहीत असणे उपयोगाचे असते. अवकाशात हवा नसल्यामुळे आवाज पोहोचत नाही, म्हणून दूरच्या यानाचा स्फोट ऐकू येऊ नये. मंगळावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे. आणि तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शेवटच्या माहितीमुळे ‘द मार्शियन’ या २०१५ च्या चित्रपटाची सुरुवात अडचणीत येते. एवढ्या विरळ हवेतले वादळ कितीही वेगवान असले तरी ते यान आडवे करण्याइतके जोरकस असू शकत नाही, आणि मूळ कादंबरीकार अँडी वेअर यांनीही ही सवलत जाणूनबुजून घेतल्याचे मान्य केले आहे. मग हा चित्रपट खोटा म्हणावा का? माझ्या मते म्हणू नये. योगायोगाला जो न्याय लावला तोच इथे लावावा. नायक एकटा मागे राहावा म्हणून सुरुवातीला मारलेली ती एक थाप आहे. त्यानंतर माणसांचे सोनखत घालून बटाटे लावणे, पाण्याचा आणि दिवसांचा हिशेब धरणे, हे सगळे तो सवलत न मागता करतो. याउलट चित्रपट संपायला दहा मिनिटे असताना एखादे नवे यंत्र कपाटातून निघाले आणि त्याने सगळे प्रश्न सोडवले, तर ते यंत्र विज्ञानाच्या कसोटीला कितीही उतरो, मी त्याला माफ करत नाही.

रहस्य न फोडता

गावात रहस्य फुटायला वेळ लागत नाही. शनिवारी आम्ही चित्रपट पाहतो आणि रविवारी बाजारात ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही खुनी माहीत असतो. लिहिताना माझी मर्यादा साधी आहे : पहिल्या अर्ध्या तासात जे कळते ते मोकळेपणाने लिहावे, मध्यंतरापर्यंतचे जपून आणि त्यापुढचे फक्त परिणाम म्हणून, प्रसंग म्हणून नव्हे. जुन्या, गाजलेल्या चित्रपटांना ही बंधने थोडी सैल करता येतात, पण शेवटाला तेव्हाही हात लावू नये. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे वाक्यसुद्धा मी रहस्यभंगातच मोजतो. ते वाचलेला प्रेक्षक दोन तास धक्क्याची वाट पाहत बसतो आणि प्रत्येक साध्या पात्राकडे संशयाने बघतो.

न फोडताही किती लिहिता येते, यासाठी श्रीराम राघवन यांचा २०१८ चा ‘अंधाधुन’ पाहावा. चित्रपट सुरू होतो तो कोबीच्या शेतात, एका सशामागे लागलेल्या बंदूकवाल्यापासून. पुढची सगळी गोष्ट पुण्यातल्या एका अंध पियानोवादकाची. शेताचा तिच्याशी काय संबंध, हे बराच वेळ कळत नाही. मत लिहिणाऱ्याने ससा आणि कोबी यांचे वर्णन हवे तेवढे करावे, कारण ते पहिल्याच मिनिटाला दिसते, आणि आपण त्याला कधी विसरलो व तो पुन्हा कधी आठवला, एवढेच सांगावे. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, पण लेखकाने धागा कसा लांब सोडला आहे हे कळते. ज्याच्या भाजीच्या वाडीत ससे येतात, त्या आमच्या एका भाऊंना मात्र तो प्रसंग पाहताना सशाची काळजी अजिबात वाटली नाही, कोबीची वाटली.

लिहायला बसल्यावर

मत दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावे. रात्री लगेच लिहिले तर शेवटच्या दहा मिनिटांचाच रंग सगळ्या चित्रपटावर चढतो. लिहिताना नटांची आणि दिग्दर्शकाची नावे शेवटी टाकावीत. नाव आधी लिहिले की हात आपोआप भक्तीकडे किंवा रागाकडे वळतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती, ती याच धोरणाने. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून. कथेला पहिला क्रमांक मिळाला. आपणही चित्रपट जगतापांचा आहे असे समजून लिहावे.

तारे आणि गुण देण्याच्या मी विरोधात आहे, पण कोणी देत असेल तर भांडत नाही. ‘गुंतवून ठेवणारा’, ‘खिळवून ठेवणारा’, ‘मेंदूला चालना देणारा’ ही विशेषणे मात्र लिहून झाल्यावर खोडून पाहावीत आणि त्यांच्या जागी डायरीतली एखादी ओळ बसते का ते पाहावे. काकाजींनी त्या थरारपटावर आधी असे लिहिले होते : ‘पिक्चर चांगला आहे. सस्पेन्स मस्त आहे, पण सेकंड हाफ लांबला. एकदा पाहू शकता.’ डायरी समोर ठेवून पुन्हा लिहायला लावल्यावर त्यांनी हे लिहिले :

‘हिंदी डबिंग, ओसरीवरचा टीव्ही, लाईन एकदा गेली. घरात कोणीतरी लपले आहे हे आपल्याला माहीत असते आणि आईला नसते, तोपर्यंत ओसरीवरून कोणी पाणी प्यायलाही उठले नाही. रिकाम्या घरात फोन उचलला जातो तेव्हा माझा चहा हातात गार झाला. गाण्यानंतर आईलाही सगळे कळते आणि मग एकाने पळायचे व दुसऱ्याने मागे लागायचे एवढेच उरते. तिथून पुढे चौघांच्या हातात मोबाईल होते. आवाज झाकण्यासाठी मोटार कोरडी चालवण्याची युक्ती खरी आहे, पाण्याविना मोटार अशीच किंचाळते, मात्र एवढा वेळ चालवली तर तिची वायंडिंग जळायला पाहिजे होती आणि ती सकाळी पुन्हा सुरू झाली. दाराला कुलूप आतून कोणी लावले हे शेवटपर्यंत सांगितले नाही.’

हे वाचून चित्रपट पाहावा की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येते, आणि काकाजी कोण आहेत हेही कळते. अशा मताखाली तारीख घालावी आणि पुन्हा कधी तो चित्रपट पाहण्यात आला तर जुने न खोडता त्याच्याखाली नवे लिहावे. काकाजींच्या डायरीत त्या पानाखाली तीन आठवड्यांनंतरची, निराळ्या पेनने लिहिलेली एक ओळ आहे : ‘परत पाहिला. कुलूप ०:०९ ला दिसते, मुलगीच लावते. आपण तेव्हा चटया टाकत होतो.’